उन्हाचा खड्डा

आमच्याकडे ईस्टरच्या सुटीत अख्खा देश डोंगरावर जातो आणि खुनाच्या गोष्टी वाचतो. का, ते आम्हांलाही माहीत नाही. पिशवीत संत्री, खिशात चॉकलेट, बर्फात खणलेला उन्हाचा खड्डा, त्यात रेनडिअरचं कातडं अंथरून सूर्याकडे तोंड करून बसलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर कोणाचा तरी खून. माझा नवरा ओडवार तर नवीन पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान वाचतो. "खुनी कोण ते एकदा कळलं की निवांत वाचता येतं," असं त्याचं म्हणणं. अशा माणसाबरोबर मी जन्म काढला, यावरून माझ्या सोशिकपणाचा अंदाज यावा.

यंदा मात्र मुडदा आमच्याच घरात पडला. म्हणजे आमच्या मोटरहोममधला डिझेलवर चालणारा हीटर गेला. तोही अशा जागी, की बाहेर रात्री उणे चौदा, आणि वरच्या केबिनच्या खिडकीत दुर्बीण घेऊन बसलेली माझी वहिनी.

आधी वहिनीबाईंचं सांगते. गुनवोर ही माझा थोरला भाऊ स्टाइनार याची बायको. वडिलांनी बांधलेली ती लाकडी केबिन आम्हां भावंडांत निम्मी निम्मी होती. कागदावर निम्मी. तिथे राज्य गुनवोरचं. कुठला मग कोणाचा, बूट कुठल्या फळीवर, शेगडीत लाकूड कुठल्या बाजूने सारायचं, संडासाची बादली कोणाच्या पाळीला रिकामी करायची, सगळं तिने ठरवलेलं. पाळी बहुतेक माझीच निघायची. कितीतरी ईस्टर मी तिथे भिंतीतल्या खालच्या बाकावर झोपले आणि रोज सकाळी माझ्या चुका ऐकल्या. मीही काही गरीब गाय नाही. आम्ही दोघी न्याहारीला भांडण सुरू करायचो ते झोपेपर्यंत पुरवायचो, आणि दोघे पुरुष पुस्तकात डोकं खुपसून बसायचे.

शेवटी एका वर्षी मी माझा वाटा स्टाइनारला विकला आणि हे मोटरहोम घेतलं. आधीच्या दोन मालकांनी वापरलेलं, दार जरासं वाकडं, पण माझं. मी जन्मभर दातांच्या दवाखान्यात टेबलामागे बसून दुसऱ्यांच्या वेळा सांभाळल्या. जिची किल्ली माझ्या एकटीच्या खिशात राहील अशी ही पहिलीच जागा. रात्री झोपताना मी ती किल्ली एकदा चाचपून बघते. हसायचं तर हसा.

गुनवोर हसलीच होती. केबिनच्या खाली, बर्फ काढून मोकळ्या केलेल्या जागेत आम्ही यंदा गाडी लावली, तेव्हा ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "डब्यात मासे राहतात गं तोरुन. माणसं घरात राहतात."

"हा डबा तुझ्या घरापेक्षा गरम आहे," मी म्हणाले.

"बघू ना. गुड फ्रायडेची रात्र सरायच्या आत तू माझ्या छपराखाली झोपायला येशील. सांगून ठेवते."

"आणि नाही आले तर?"

"तर मी तुझ्या डब्यात येऊन झोपेन!" हे ती अशा थाटात म्हणाली, की जणू सूर्य पश्चिमेला उगवला तर.

इथपर्यंत ठीक होतं. पण ओडवारला मधे तोंड घालायची हौस. "तोरुन हरली तर गाडी मे महिन्यात विकायची," तो म्हणाला. "कुडकुडत सुटी घालवायचं माझं वय नाही राहिलं."

"विकू," मी म्हणाले. रागाच्या भरात जिभेला हाड राहत नाही. म्हणाले आणि लगेच पस्तावले, कारण ओडवार शब्दाचा पक्का आहे आणि मला तो तसाच आवडतो.

गुरुवारी सकाळी गुनवोर फावडं खांद्यावर टाकून खाली उतरली. काखेत एक भेटवस्तू. "हे घे. ईस्टरचं," ती म्हणाली. खोक्यातून एक पांढरी पेटी निघाली. गाडीत विषारी धूर साठला तर बोंब मारणारी. तिने स्वतः ती पलंगाच्या वर चिकटवली, बटण दाबून तपासली, पेटी किंचाळली तेव्हा समाधानाने मान हलवली. माझ्या गाडीला डबा म्हणणारी बाई तिच्यासाठी भेट आणते, याचं मला नवल वाटायला हवं होतं. मी फक्त थँक यू म्हणाले.

मग म्हणाली, "तुम्हांला उन्हाचा खड्डा खणून देते. तुम्हांला धड जमायचा नाही."

हे मात्र खरं. गुनवोरसारखा खड्डा पंचक्रोशीत कोणी खणत नाही. गाडीच्या दक्षिणेच्या बाजूला तिने खणायला घेतलं. पायांसाठी जागा, बसायला बाक, कॉफीचा थर्मास ठेवायला कोनाडा, सगळं बर्फाचं. खणलेला बर्फ तिने वाया घालवला नाही. बाकाची पाठ म्हणून गाडीच्या कडेला लावून लांबलचक भिंत उभी केली, गाडीखालची फट बुजवली, आणि फावड्याच्या पाठीने थोपटून थोपटून ती इतकी गुळगुळीत केली की केकवर साखर फिरवावी. "खालून वारा शिरतो ना," ती म्हणाली, "आता नाही शिरायचा." शेवटी गुडघ्यांवर बसून हाताने काहीतरी नीट केलं आणि उठली. मी मनातल्या मनात तिला माफसुद्धा केलं. असा खड्डा पाहिला की माणूस विरघळतो.

दुपारी ऊन कलल्यावर ओडवारने हीटर लावला.

आमचा हीटर नीट असतो तेव्हा त्याचं ऐकायला बरं वाटतं. आधी पंखा घुमतो, मग गाडीखाली डिझेलचा छोटा पंप टिकटिक करायला लागतो, मग आत ज्योत धरली की सूर भरदार होतो आणि पायांशी ऊब येते. त्या दिवशी पंखा घुमला, पंपाने टिकटिक केली, बाहेर पांढऱ्या धुराचा एक झोत आला, हीटर म्हाताऱ्या माणसासारखा खोकला आणि गप्प झाला. लाल दिवा लुकलुकायला लागला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आणखी एक-दोनदा नादी लागल्यावर त्याने संप पुकारला. बटण दाबलं तरी पंखासुद्धा हलेना.

"गेला," ओडवार म्हणाला.

"झोपलाय," मी म्हणाले.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. दोन रजया, दोन लोकरीच्या टोप्या, आणि ओडवारचे पाय, जे उन्हाळ्यातही थंड असतात. गॅसची शेगडी होती, पण झोपताना शेगडी पेटवून ठेवण्याइतके आम्ही मूर्ख नाही. पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून गाडीतला व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. तसा तो उघडला आणि आमचं सगळं पाणी बर्फावर वाहून गेलं. सकाळी कॉफीसाठी मी बर्फ वितळवला. ओडवार रजईतूनच म्हणाला, "एक रात्र काढली. दुसरी नाही काढणार. आज संध्याकाळपर्यंत हा पेटला नाही तर मी वर जातोय, आणि तुझा शब्द तुझ्या लक्षात आहे."

होता ना लक्षात. मी पातेल्यातला बर्फ ढवळत होते आणि मला रडू येत होतं. मे महिन्यात कोणीतरी अनोळखी माणूस येऊन माझी किल्ली घेऊन जाणार, पुढच्या ईस्टरला मी पुन्हा खालच्या बाकावर, हातात बादली. मग मला राग आला. रडण्यापेक्षा मला राग जास्त मानवतो.

"ऊठ," मी म्हणाले. "खून झालाय. चौकशी करायची आहे."

"कोणाची?"

"सगळ्यांची."

ओडवारचे डोळे चमकले. हे त्याच्या आवडीचं होतं. रजई पांघरूनच तो टेबलाशी येऊन बसला. "पहिला संशय डिझेलवर," तो म्हणाला. "मी टाकी किनाऱ्यावर भरली. तिकडची थंडी ती काय थंडी. तिथलं डिझेल इथे येऊन मेणासारखं घट्ट झालं असेल."

"म्हणजे आरोपी तू."

"मी नाही, डिझेल."

हीटरला डिझेल नेणारी बारीक नळी पारदर्शक असते. मी पलंगाखालचं झाकण काढून टॉर्च मारला. डिझेल पाण्यासारखं स्वच्छ, ना मेण, ना हवेचा बुडबुडा. टाकीही अर्ध्याच्या वर होती. हे बघावं लागतं, कारण हीटरची नळी टाकीच्या तळापर्यंत पोचत नाही. टाकी फार खाली गेली की हीटर उपाशी राहतो आणि गाडी मात्र चालते. डिझेल निर्दोष सुटलं.

"दुसरा संशय बॅटरीवर," मी म्हणाले. हीटर पेटताना आधी आतला ग्लो प्लग लाल होतो, तो बॅटरीतून भरपूर करंट ओढतो. बॅटरी दमलेली असली तर ज्योत धरतच नाही. "काल टीव्हीवर खुनाची मालिका कोण बघत होतं?"

"दोघं."

"मला झोप लागली होती. तू बघत होतास."

आम्ही गाडीचं इंजिन चालू केलं, म्हणजे बॅटरीला भरपूर जोर मिळावा. हीटरचा फ्यूज काढून परत घातला, म्हणजे त्याने संप सोडावा. लावला. घूं, टिकटिक, धुराचा झोत, खोकला, गप्प. बॅटरीही निर्दोष.

इतक्यात वरच्या खिडकीत काचेवर ऊन चमकलं. दुर्बीण! इंजिनाचा आवाज वर पोचला होता. गुनवोरला वास लागला असणार.

"ओडवार, शर्ट काढ," मी म्हणाले.

"काय?"

"काढ म्हणते ना. बनियनवर बाहेर जाऊन उभा राहा. आपल्याला फार उकडतंय."

बिचारा गेला. उण्या तापमानात बनियनवर उभा राहून वर्तमानपत्राने वारा घ्यायला लागला. मी बिनबाह्यांचा झगा घालून दारात आले, खिडकी उघडली आणि पदार्थ करपल्यावर बाई जसा धूर बाहेर घालवते तसा पडदा हलवला. "हुश्श!" मी वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "जरा कमी कर रे हीटर! घुसमटायला होतंय!"

"माझे दात वाजतायत," ओडवार ओठ न हलवता म्हणाला.

"वाजू देत. ती दुर्बीण आहे, कान नाही."

दुर्बीण बराच वेळ आमच्यावर रोखलेली राहिली. मग थोड्या वेळाने वरून स्टाइनार स्कीवर घसरत खाली आला. माझा भाऊ मोजकं बोलतो. होकार द्यायचा तर तोही बोलत नाही, नुसता श्वास आत ओढतो.

"गुनवोरने खालच्या बाकावर चादरी घातल्यात," तो म्हणाला.

"कोणासाठी बरं?"

त्याने माझ्या निळ्या पडलेल्या दंडांकडे पाहिलं, मग ओडवारच्या बनियनकडे. "हीटर बरा आहे?"

"छान आहे. उलट जरा जास्तच छान आहे."

त्याने श्वास आत ओढला. स्की वळवता वळवता म्हणाला, "आमच्या बोटीत असाच आहे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गुनवोरच त्याचं सगळं बघते. खोलून साफसुद्धा करते." आणि गेला.

मी तिथेच थांबले. झगा तसाच, पायाखाली बर्फ. आमच्या चौकशीत एक गोष्ट आम्ही फार लवकर सोडून दिली होती. हीटरला हवा लागते. पण कालच ओडवारने धुराची नळी बघितली होती. गुनवोरच्या भिंतीत त्या नळीभोवती वीतभर गोल भोक सुबक कोरलेलं होतं. धुराला वाट आहे म्हणजे हवेचा प्रश्न मिटला, असं आम्ही ठरवून टाकलं. पण धूर बाहेर जातो ती नळी वेगळी आणि हवा आत घेते ती वेगळी. घरात चूल पेटवणाऱ्या कोणालाही हे कळतं, आम्हांलाच कसं कळलं नाही कोण जाणे.

मी कोट चढवला, रेनडिअरचं कातडं घेतलं आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूने, जिकडे भिंत नव्हती, पालथी होऊन खाली शिरले. टॉर्च मारला. समोर वहिनीबाईंच्या भिंतीची मागची बाजू. धुराची नळी तिच्या कोरीव भोकातून ऐटीत बाहेर गेलेली. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर हवेची नळी, तिच्या तोंडावर बर्फाचा गोळा. वाऱ्याने आलेला नव्हे, फावड्याने उडालेला नव्हे. हाताने दाबून बसवलेला. त्यावर लोकरीच्या हातमोज्याची वीण उमटली होती, आठ पाकळ्यांचं फूल, रात्रभरात गोठून दगड झालेलं.

असे हातमोजे अर्ध्या देशाकडे असतात. माझेही आहेत. गुनवोरनेच विणून दिलेले. पण मी काल गुडघ्यांवर बसून काही नीट केलं नव्हतं.

मी लाकडी डावाच्या दांड्याने कडेकडेने खरवडून तो गोळा अख्खा सोडवला, नळीत बोट घालून उरलासुरला बर्फ काढला आणि गोळा अलगद हातात घेऊन बाहेर सरपटले. ओडवारने फ्यूज काढून घातला. घूं. टिकटिक. टिकटिक. आणि मग तो भरदार सूर.

"पेटला!" ओडवारने दोन्ही हात झोतासमोर धरले. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

"आता बंद कर."

"काय!"

"धूर वर दिसेल. बंद कर. तासाभराने परत लावू."

"तोरुन," तो म्हणाला, "मी आयुष्यात तुझं पुष्कळ ऐकलं. पण हे..."

"खुनी पकडायचाय की नाही?"

त्याने हीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बंद केला. याच कारणासाठी मी त्याचं शेवटचं पान वाचणं सहन करते. "तुला म्हणून सांगतो," रजई परत ओढून घेत तो म्हणाला, "सगळ्या पुस्तकांत शेवटी घरातलंच कोणीतरी निघतं."

मी तोंड पाडून वर केबिनवर गेले. तोंड पाडायला मला फार कष्ट पडले. गुनवोरने दार उघडलं. मागे स्टाइनार खुर्चीत वाचत होता, पान उलटल्याचा आवाज सोडला तर घरात चिडीचूप.

"हरले," मी म्हणाले. "हीटर कालपासून बंद आहे. संध्याकाळी येतो आम्ही."

मला वाटलं होतं ती नाचेल. ती नाचली नाही. तिच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी क्षणभर गोंधळले. "ये ना," ती घाईघाईने म्हणाली. "मी मटण काढून ठेवते. तुझा मग अजून तिथेच आहे, मी हलवला नाही."

"पण आधी शेवटची कॉफी आमच्या खड्ड्यात. तू एवढा खणलास. वॉफल करते."

दुपारी आम्ही चौघं ओळीने खड्ड्यात बसलो. ऊन असं की टोप्या काढाव्या लागल्या. गॅसवर वॉफल भाजून मी वर तपकिरी चीजच्या चकत्या घातल्या. संत्री सोलली. माझ्या पायांशी नॅपकिनने झाकलेली एक केकची बशी होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"मला वाटतं," मी वॉफल चावत सहज म्हणाले, "हे सगळं या भिंतीमुळे झालं. धुराची नळी बुजली असणार. बिचारी गुनवोर, तिला काय कल्पना."

"बुजली?" गुनवोर ताठ झाली. तिच्या कामाला नाव ठेवलेलं तिला कधीच खपत नाही. "धुराच्या नळीला मी चांगली वीतभर जागा सोडलीये! जाऊन बघ! मला काय एवढी अक्कल नाही? धूर कोंडला तर माणसं मरतात!"

"म्हणजे कुठली नळी कुठे आहे ते तुला ठाऊक होतं."

"अर्थात! बोटीतला हीटर कोण बघतं? हा बघतो?" तिने स्टाइनारकडे अंगठा दाखवला. स्टाइनारने श्वास आत ओढला.

"मग दुसऱ्या नळीचं काय गं?" मी म्हणाले आणि बशीवरचा नॅपकिन उचलला.

बर्फाचा गोळा उन्हात चमकला. फूल अजून शाबूत होतं. गुनवोरचे हातमोजे तिच्या मांडीवर होते. तिने ते हळूच कोटाच्या खिशात घातले, आणि खाई त्याला खवखवे म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिचे कान लाल झाले.

"घरातलंच कोणीतरी," ओडवार पुटपुटला.

"तू माझं घर बंद पाडलंस," मी म्हणाले. गंमत म्हणून सुरू केलं होतं, पण आवाज चढला. "जाणूनबुजून! आम्हांला काही झालं असतं तर?"

"काही होणार नव्हतं! मी फक्त हवा बंद केली. हवा नाही तर ज्योत नाही, ज्योत नाही तर धूर नाही. आणि तरी ती पेटी आणली. तपासून लावली. तुझ्यासमोर लावली!"

"खून करायचा आणि मुडद्याला स्वेटर घालायचा! मला ही गाडी विकावी लागली असती, गुनवोर. ही एवढी एकच गोष्ट माझी आहे."

"विकायचं ओडवार म्हणाला, मी नाही! मला गाडी विकायला नको होती. मला फक्त..." तिने समोरच्या डोंगराकडे तोंड फिरवलं. मग एकदम म्हणाली, "गेल्या ईस्टरला हा माणूस माझ्याशी किती बोलला सांगू? 'मीठ.' आणि परत जाताना 'कुलूप लावलंस?' बस्स. मी मुद्दाम लाकूड उलटं सारलं. कोणी काही म्हणालं नाही. तुझा मग चुकीच्या खिळ्याला अडकवला. कोणी काही म्हणालं नाही. तू गेलीस तुझा डबा घेऊन. भांडायला कोणी उरलं नाही गं त्या घरात."

स्टाइनारने पुस्तक मिटलं, ही त्याच्याकडून फार मोठी गोष्ट. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं, आणि दोन्हींतलं काय आधी करावं ते कळत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती माझ्या चुका मोजते. ती मोजतच होती. पण दुसऱ्या कोणाच्या चुका तिला मोजाव्याशाच वाटत नव्हत्या.

"मग बोलवायचं ना सरळ," मी म्हणाले.

"तुला? आणि तू आली असतीस?"

खरं सांगायचं तर नसते आले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तो आमच्या दोघींचाही. मी उठले, गाडीत गेले आणि हीटर लावला. घूं, टिकटिक, आणि मग भरदार सूर. तिने कोरलेल्या भोकातून धुराची बारीक रेघ निघाली.

"चालू आहे?" गुनवोर म्हणाली.

"सकाळपासून."

"आणि तू हरले म्हणून माझ्या दारात..."

"आणि आज गुड फ्रायडे," मी म्हणाले. "मी तुझ्या छपराखाली झोपणार नाहीये. त्या पायरीवर उभी राहून तू काय म्हणाली होतीस ते आठवतं का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. स्टाइनारने श्वास आत ओढला.

जेवण झाल्यावर ती आली. स्वतःची उशी, स्वतःची चप्पल, स्वतःचा मग. ओडवारला आम्ही वर पाठवलं, खालच्या बाकावर, तिथे त्याने जाताच स्टाइनारला त्याच्या पुस्तकातला खुनी सांगून टाकला आणि दोघं बऱ्याच दिवसांनी जोरजोरात बोलले म्हणे. इकडे गुनवोर ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगावर चढली. चढताना शिडीला नावं ठेवली, चादरीला ठेवली, माझी भांडी कपाटात उलटी लावलीत म्हणाली. मी म्हणाले, माझ्या छपराखाली भांडी मी लावते. ती म्हणाली, छप्पर कसलं, झाकण आहे. बाहेर अजून निळसर उजेड होता, आणि आम्ही संडासाच्या टाकीवरून अर्धा तास भांडलो.

मग तिने वरचा दिवा मालवला. मला वाटलं झोपली. मी किल्ली चाचपली.

"ही टिकटिक रात्रभर चालते?" वरून आवाज आला.

"चालते. त्रास होतोय का? कमी करू?"

"नको," गुनवोर म्हणाली. "आमच्याकडे फार शांत असतं."

मी हात लांबवून हीटर एका आकड्याने वाढवला.